मोठेपणी टॉन्सिल काढताना: चौदा दिवसांचा हिशेब

कोकणकन्येची तिकिटं आम्ही आधीच काढून ठेवली होती. सोमवारी ऑपरेशन, मंगळवारी घरी, रविवारी रात्री गाडी आणि मग कणकवलीला सासरच्या अंगणात निवांत विश्रांती, असा बेत. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती, म्हणजे रजेचाही प्रश्न नव्हता. ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत सर्जनना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तिकिटं रद्द करा. चौदा दिवस हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या अंतरात राहायचं." सासूबाई हिरमुसल्या, मलाही ते जरा अतीच वाटलं. सातव्या रात्री अडीच वाजता तोंडात रक्ताची चव येऊन मला जाग आली, तेव्हा आम्ही कांजूरमार्गला आमच्या घरी होतो आणि हॉस्पिटल रिक्षाने पंधरा मिनिटांवर होतं.

ज्यांना विशी-तिशी-चाळिशीत टॉन्सिल काढायला सांगितलंय आणि ज्यांच्या ओळखीत फक्त लहान मुलांची ऑपरेशनं झालीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. "आमच्या पिंट्याचं झालं, पाचव्या दिवशी खाली खेळायला गेला" असं तुम्हाला दहा जण सांगतील. मुलांचं खरंच लवकर भरून येतं. मोठ्या माणसाच्या घशात वर्षानुवर्षं सूज येऊन गेलेली असते, त्यामुळे टॉन्सिल खालच्या स्नायूला घट्ट चिकटलेलं असतं आणि सोडवायला जास्त खटपट पडते. काढल्यावर दोन्ही बाजूंना उघडी जखम राहते. सहसा टाके घालत नाहीत. ती जखम आतून आपसूक भरते आणि त्याला दोन आठवडे लागतात. त्यातले पाचवा ते दहावा हे दिवस सगळ्यात नाजूक. तुमची रजा, घरातली माणसं, औषधं, प्रवास, सगळं त्या दिवसांकडे बघून ठरवा.

तारीख ठरवण्याआधी

ऑपरेशन खरंच हवंय का, हे डॉक्टरांशी नीट बोला. जगभर वापरला जाणारा ढोबळ निकष असा: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा नीट उपचार घ्यावे लागतील इतका धरला, तर टॉन्सिल काढण्याचा विचार करतात. टॉन्सिलच्या बाजूला पू साठणं, घोरताना श्वास अडकणं, एकाच बाजूचं टॉन्सिल वाढत जाणं ही वेगळी कारणं आहेत. शेवटच्या कारणात काढलेला भाग तपासणीला पाठवतात. तुमचा पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट आणायला विसरू नका.

चालू असलेली सगळी औषधं सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, आयुर्वेदिक काढे, जिममधल्या पावडरी, काहीही लपवू नका. दात काढताना खूप रक्त गेलं होतं किंवा घरात कुणाला तसा त्रास आहे, हेही सांगा. कोणती गोळी कधी बंद करायची ते डॉक्टर ठरवतील. हृदयाची गोळी मनाने थांबवू नका.

साध्या हत्यारांनी, विजेच्या उष्णतेने किंवा कोब्लेशनने (म्हणजे मिठाच्या पाण्यात रेडिओ लहरी सोडून, कमी उष्णतेत टॉन्सिल सोडवणाऱ्या यंत्राने), अशा वेगवेगळ्या पद्धतींनी टॉन्सिल काढतात. कोब्लेशनचं बिल जास्त येतं. मला विचाराल तर यंत्रापेक्षा सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती बरी. "तुम्ही नेहमी कसं करता?" असं सरळ विचारा. त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न: "रात्री दोन वाजता रक्त आलं तर मी कुठे यायचं?" पुष्कळ छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री सर्जनही नसतात आणि भूलतज्ज्ञही. उत्तर गुळमुळीत आलं तर जागा बदला, किंवा निदान जवळच्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचा कागद काढून बघा. अनेक पॉलिसींमध्ये टॉन्सिल, नाकाचं हाड, सायनस यांच्या ऑपरेशनला दोन वर्षं थांबावं लागतं. नवी पॉलिसी घेऊन लगेच दाखल झालात तर क्लेम नाकारला जाण्याची शक्यता मोठी.

आता तारीख. पंचांग बघण्याआधी मुंबईचं कॅलेंडर बघा. लालबाग-परळकडे राहत असाल आणि केईएम तुमचं जवळचं हॉस्पिटल असेल, तर गणपतीच्या आधीचा आठवडा घेऊ नका; नेमक्या नाजूक दिवसांत रस्ते तुडुंब असतात. जुलैत हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे तुंबतात तेव्हा अर्ध्या तासाची वाट तीन तासांची होते. दिवाळीत फटाक्यांचा धूर, आणि डब्यात चकली-चिवडा समोर असताना पेज पिणं सोपं नाही. मी मे निवडला. उकाड्याने फार जीव घेतला, घाम जायचा म्हणून पाणी आणखी प्यावं लागलं, पण रस्ते मोकळे होते आणि घरात मदतीला माणूस होता.

रजा चौदा दिवसांची टाका. सात दिवसांची टाकलीत तर आठव्या दिवशी, म्हणजे ऐन धोक्यात, तुम्ही लोकलच्या दारात लोंबकळत असाल.

घरात काय आणून ठेवायचं

सगळी औषधं दाखल होण्याआधी घरात हवीत, निदान दहा दिवसांची. गोळी गिळताना डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून वेदनाशामक पातळ स्वरूपात किंवा पाण्यात विरघळणारं मिळेल का ते डॉक्टरांना विचारा. मुलांचं सिरप घेतलंत तर मोठ्यांचा डोस किती मिली होतो हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. साधी पॅरासिटामॉल कुटून घेता येते. मात्र सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या आणि पित्तासाठी देतात ती पॅन्टोप्राझोल कधी कुटू नका.

फ्रीजमध्ये उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवरचा नको. त्याचं पाणी कुठलं हे कुणाला माहीत नसतं आणि जुलाब-उलट्या आत्ता परवडणार नाहीत. थर्मामीटर. तीन उशा. उशाशी ठेवायला झाकणाची बाटली. एक पाटी आणि पेन्सिल. मी शिक्षिका असल्यामुळे ती घरात होतीच, पण कुणीही दहा-वीस रुपयांत आणावी. फोनवर टाइप करून दाखवण्यापेक्षा पाटीवर दोन शब्द लिहिणं लवकर होतं, आणि बोलायचा मोह टळतो.

पहिल्या तीन रात्री आणि पाचव्या ते दहाव्या रात्री घरात मोठं माणूस हवं. एकटे राहत असाल, पीजीत असाल, तर या रात्रींसाठी भाऊ, मैत्रीण, मावशी, कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवा. मागायला संकोच करू नका.

दाखल होण्याचा दिवस

हा भाग तुमच्या हातात फारसा नाही. रक्ताच्या तपासण्या, गरज असेल तर ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि भूलतज्ज्ञांची भेट आधी झालेली असते. साधारण नियम म्हणजे सहा तास आधीपासून जेवण बंद आणि दोन तास आधीपासून पाणीही बंद. तुम्हाला सांगितलेली वेळ काटेकोर पाळा. पूर्ण भूल देतात. ऑपरेशन तोंडातूनच होतं, बाहेर कुठे छेद नसतो.

शुद्धीवर आल्यावर घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. ती पडजिभेची सूज. जबडा आणि जीभ दुखते, कारण ऑपरेशनच्या वेळी तोंड उघडं ठेवायला आत धातूची पट्टी लावलेली असते. काहींना जिभेला मुंग्या किंवा चव बदलल्यासारखंही काही दिवस वाटतं. लाळ गिळायचा धीर होत नाही. तरी त्याच संध्याकाळी थंड पाण्याचा पहिला घोट घ्या. जितका उशीर कराल तितका घसा आखडतो.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर रात्री लागणारा फोन नंबर लिहिलाय का ते बघा. नसेल तर काउंटरवरून उठू नका.

पहिले चार दिवस

पहिला दिवस बरा जातो. भुलीचा आणि सलाईनमधून दिलेल्या औषधांचा असर असतो. "एवढंच होतं होय!" असं मी पाटीवर लिहिलं होतं. तिसऱ्या दिवसापासून दुखणं चढायला लागतं.

इथे शिस्त एकच: दुखायची वाट न बघता घड्याळ बघून औषध. डॉक्टरांनी सहा तासांनी सांगितलं असेल तर सहा तासांनीच, रात्रीसुद्धा गजर लावून. मी दुसऱ्या रात्री "झोप लागलीय तर कशाला उठवा" म्हणून गजर बंद केला. पहाटे पाचला उठले तेव्हा घसा सुक्या चिंध्यांसारखा झाला होता, लाळही गिळवेना आणि पुढचा अख्खा दिवस दुखणं ताब्यात आणण्यात गेला. पुन्हा तसं केलं नाही.

पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर चालत नाही. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की पुढची गोळी ही मर्यादा ओलांडते. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी खाली. तुम्हाला किती, ते डॉक्टरच सांगतील. आपल्याकडे खरी अडचण जोडगोळ्यांची आहे. अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या, ट्रामाडॉलच्या, सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वर साधी पॅरासिटामॉल घेतली की नकळत दुप्पट होते. प्रत्येक पाकिटामागचे घटक वाचा आणि वहीत वेळ लिहून ठेवा. आयब्युप्रोफेन किंवा त्या जातीची गोळी सर्जननी लिहिली असेल तरच. अ‍ॅस्पिरिन नाही. मेडिकलवाल्याने "ही पण चांगली आहे" म्हणून दिलेली कुठलीही नाही. अँटिबायोटिक लिहिलं असेल तर पूर्ण घ्या, लिहिलं नसेल तर स्वतःहून मागू नका. दुखणं त्याने कमी होत नाही.

औषध घेऊन अर्धा-पाऊण तास झाला की खाण्याची वेळ. तेवढ्या वेळात गिळणं सोपं होतं.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, एकदम नाही, दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट. घसा ओला राहिला की कमी दुखतो, इतकं ते सोपं आहे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. दिवसभर पाणीसुद्धा उतरत नसेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर सलाईन लावावं लागेल. त्यासाठी हॉस्पिटलला जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता खाण्याचं. आपल्या घरांत पहिला वाद थंडावरून होतो. "घशाचं ऑपरेशन आणि आईस्क्रीम देतेस? घसा धरेल!" आई दोन दिवस माझ्याशी भांडत होती, अर्थात मी पाटीवर. थंडाने जखम बिघडत नाही. थंडाने ती थोडी बधिर होते, सूज उतरते, बरं वाटतं. शेवटी फोनवर डॉक्टरांनी तिला समजावलं. तुमच्या घरी आजी-आई असतील तर त्यांना आधीच्या भेटीला बरोबर घेऊन जा, हे फार उपयोगी पडतं.

मला उतरलं ते असं. सकाळी नाचणीची आंबील, ताक न घालता, दुधात, गार करून. दुपारी गुरगुट्या भात, वर साजूक तूप आणि हिंग-मीठ इतकंच घातलेलं मुगाचं वरण. संध्याकाळी शहाळं, ते घरी आणून ग्लासात ओतून, स्ट्रॉशिवाय, कारण जोरात ओढून घ्यायला आमच्या डॉक्टरांनी मनाई केली होती. रात्री तांदळाची पेज किंवा पातळ रव्याची खीर. मध्ये केळं कुस्करून, चिकूचं मिल्कशेक, मऊ उकडलेलं अंडं, पनीर चुरून. सगळं कोमट किंवा गार. वाफा येत असलेलं काही नाही. काहींना दूध प्यायल्यावर घशात चिकट वाटतं. तसं झालं तर वर दोन घोट पाणी, दूध बंद करायची गरज नाही.

झोंबणारं टाळा: लिंबू सरबत, टोमॅटोचं सार, संत्रं, अननस, आंबट ताक. सोलकढीने आपल्या माणसाला बरं वाटेल असं कोकणी घरात सगळ्यांना वाटतं, पण कोकम आंबट, ते जखमेवर मिठासारखं लागतं. कोकम आणि बीट, गुलाबाचं सरबत अशा लाल गोष्टी टाळायचं आणखी एक कारण आहे. नंतर थुंकीत लाल दिसलं तर ते सरबत की रक्त, हे कळत नाही आणि घरभर घाबरगुंडी उडते. मे महिना असून आमरस मी नवव्या दिवशी खाल्ला, तोही गाळून. चौथ्या दिवशी एक चमचा खाऊन पाहिला होता, डोळ्यांत पाणी आलं.

फरसाण, खारी, टोस्ट, पापड, चपातीचा कडक पापुद्रा, वडापाव या सगळ्यांना दोन आठवडे रजा. मऊ चपाती दुधात कुस्करून चौथ्या-पाचव्या दिवशी चालते, आणि हळूहळू चावून खाल्लं तर जबडाही मोकळा होतो. नुसत्या पाण्यावर राहू नका.

काही सवयी इथे आड येतात. सकाळी उठून जोरजोरात खाकरणं, बोट घालून जीभ घासणं, घशापर्यंत गुळण्या करणं. हे सगळं बंद. दात हलक्या हाताने घासा, चूळ नुसती तोंडात फिरवून टाका. मीठ-हळदीच्या गुळण्या घरचे सांगतीलच. डॉक्टर सांगेपर्यंत नको. शिंक आली तर तोंड उघडून शिंका. तंबाखू, सिगारेट, दारू दोन आठवडे पूर्ण बंद, आणि घरात दुसऱ्या कुणी ओढत असेल तर त्यांनी खाली जाऊन ओढावी.

झोपताना डोकं उंच. एसीची हवा कोरडी असते आणि तोंड उघडं टाकून झोपलं की सकाळी घसा चिरल्यासारखा होतो. आम्ही पंखा लावून खिडकी उघडी ठेवली. मुंबईची दमट हवा एरवी नकोशी वाटते, पण घशाला ती मानवली. एसीशिवाय जमत नसेल तर खोलीत पाण्याची बादली ठेवा आणि रात्री गजर झाला की औषधाबरोबर पाव ग्लास पाणी प्या.

पाचवा ते दहावा दिवस

आरशात पाहिलंत तर घशाच्या दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळट थर दिसेल. तो पू नाही. ती जखमेवरची ओली खपली आहे, तोंडात असल्यामुळे ती काळी-कडक न होता अशी दिसते. तोंडाला घाण वास येतो, इतका की माणूस जवळ बसायला लाजतो. तोही तिचाच. खरवडून काढायचा विचारही करू नका.

ही खपली साधारण पाचव्या दिवसापासून सुटायला लागते, कधी तुकड्या-तुकड्याने, कधी पापुद्र्यासारखी. खालची कोवळी जागा उघडी पडते म्हणून ज्या दुखण्याला उतार पडत होता ते पुन्हा उसळतं. मला सहावा दिवस सगळ्यात वाईट गेला. आपलं काहीतरी बिघडलं असं वाटून मी रडले. बिघडलं नव्हतं. हे असंच होतं, आणि हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी घाबरले नसते.

याच दिवसांत कान दुखतो. कानात काही झालेलं नसतं. टॉन्सिलच्या जागेला आणि मधल्या कानाला संवेदना पुरवणारी नस एकच, मेंदूतून निघणारी नववी, म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं. कानात कोमट तेल, लसणाचं तेल, थेंब, काहीही घालू नका. घशाचं औषध वेळेवर घेतलं की कान आपोआप शांत होतो.

थोडा ताप, ९९-१०० पर्यंत, चालतो. १०१ च्या वर गेला किंवा उतरेचना, तर फोन करा. बद्धकोष्ठ होतं, कारण खाणं कमी आणि ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी आतडी मंदावतात. कुंथू नका, जोर लागला की घशातही दाब वाढतो. डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक घ्या. वजन उतरतं. माझं चार किलो उतरलं, महिन्याभरात भरून आलं.

या सहा दिवसांत करायच्या नसलेल्या गोष्टी: गर्दीची लोकल, जिने धावत चढणं, पाण्याचे हंडे-बादल्या उचलणं, जिम, दुपारच्या उन्हात बाजार, लग्नकार्य, विमान, गाव. बरं वाटत असलं तरी. बरं वाटतं म्हणूनच माणूस नेमका आठव्या दिवशी बाहेर पडतो.

रक्त आलं तर

थुंकीत गुलाबी रेघ दिसणं, वाळलेल्या रक्ताचा ठिपका दिसणं होऊ शकतं. तरी डॉक्टरांना फोन करून सांगा. ताजं लाल रक्त आलं, गुठळी आली, किंवा रक्त येतच राहिलं, तर वाट बघायची नाही. झोपेत माणूस सारखं काहीतरी गिळतोय असं दिसलं, किंवा कॉफीच्या गाळासारखी काळपट उलटी झाली, तर रक्त पोटात जातंय असं समजून निघा.

मी काय केलं ते सांगते, कारण डिस्चार्जच्या वेळी नर्स ताईंनी हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं आणि तेच उपयोगी पडलं. उठून बसले. आडवं पडायचं नाही. पुढे वाकून रक्त पातेल्यात थुंकत राहिले, गिळलं नाही; गिळलं की उलटी होते आणि किती गेलं तेही कळत नाही. नवऱ्याने बर्फाचं पाणी दिलं, ते तोंडात धरून हलकेच फिरवून थुंकलं, पुन्हा धरलं. खाल्लं-प्यायलं काही नाही, कारण पुन्हा भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. त्याने तोवर हॉस्पिटलला फोन लावला, डिस्चार्ज कार्ड आणि मेडिक्लेमचं कार्ड असलेली पिशवी उचलली. ती पिशवी पहिल्या दिवसापासून दाराच्या खुंटीला होती. खाली रिक्षा मिळाली. पातेलं मांडीवर घेऊन, ताठ बसून गेलो.

तिथे त्यांनी गुठळी काढून साफ केलं, सलाईन लावलं, रक्त थांबवणारं इंजेक्शन दिलं, हिमोग्लोबिन तपासलं आणि रात्रभर नजरेखाली ठेवलं. रक्त थांबलं. काहींचं तसं थांबत नाही आणि पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन ती जागा बंद करावी लागते. मी डॉक्टरांना विचारलं, माझं काय चुकलं? ते म्हणाले, काहीच नाही, सगळं पाळूनही होतं. हे तुमच्याही घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे त्या रात्री "तूच काल जास्त बोललीस" असं कुणी म्हणणार नाही.

किती जणांना होतं? इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली सुमारे ३४ हजार टॉन्सिलच्या ऑपरेशनांची नोंद ठेवली गेली होती. त्यात मोठ्यांमध्ये रक्तस्रावाचं प्रमाण शंभरात जवळपास पाच होतं, लहान मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त. म्हणजे वीसातल्या एकोणीस जणांना ही पिशवी उचलावीच लागत नाही. पण तो विसावा कोण, हे आधी कळत नाही.

रक्त भळाभळा येत असेल, चक्कर येत असेल, तर स्वतःच्या गाडीने जायच्या फंदात न पडता १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत असते. आणि ज्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं तिथेच जायला हवं असं नाही. केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. या मोठ्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलांत अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. जवळ जे असेल तिथे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: "सात दिवसांपूर्वी टॉन्सिल काढलंय, आता रक्त येतंय." रांगेत मागे उभं राहू नका.

अकराव्या दिवसानंतर

उतार एकदम पडतो. अकराव्या की बाराव्या सकाळी मी उठले, पाणी प्यायले आणि दुखलंच नाही. अर्ध्या ग्लासानंतर ते माझ्या लक्षात आलं. औषध मात्र एकदम सोडू नका, आधी रात्रीचा डोस ठेवून दुपारचा बंद करा, मग हळूहळू बाकीचे, डॉक्टरांना सांगून.

तपासणीला साधारण दोन आठवड्यांनी बोलावतात. आरशात तोवर पांढरा थर जाऊन गुलाबी जागा दिसायला लागते. तिखट तिसऱ्या आठवड्यात थोडं थोडं सुरू करा, मालवणी मसाल्याने सुरुवात करू नका. लोकलने जाणार असाल तर पहिले काही दिवस उशिराची गाडी घ्या आणि रुमाल जवळ ठेवा, धुळीने खोकल्याची उबळ येते. औषधांची, तपासण्यांची सगळी बिलं एका पाकिटात ठेवा. बहुतेक पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांपर्यंतचा खर्च मागता येतो.

आवाजाबद्दल शिक्षक, गायक, कॉल सेंटरमधली मंडळी सगळ्यात जास्त विचारतात. काही दिवस आवाज पोकळ किंवा नाकातून आल्यासारखा लागतो, कारण घशातली जागा बदललेली असते. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत बसतो. पहिला आठवडा कामापुरतं बोला, पण अजिबात मौन पाळून बसायची गरज नाही. कुजबुजत बोलू नका, त्याने घसा जास्त ताणतो. हळू पण साध्या आवाजात बोला. मी जूनमध्ये शाळेत गेले तेव्हा पहिले पंधरा दिवस पाटीवर "शांत बसा" लिहून ती वर्गासमोर धरायची, आणि पाढे मुलांकडूनच म्हणून घ्यायची.